कोकणातून न्यूरोसायन्सच्या पीएचडीला: प्रवेशाचं वर्ष कसं आखावं

ज्या जुलैत माझा एमएससीचा निकाल लागला, त्याच आठवड्यात मी रत्नागिरीत मैत्रिणीच्या खोलीवर बसून पीएचडीचे अर्ज शोधायला घेतले. एकही अर्ज चालू नव्हता. वहीत ज्या संस्थांची नावं लिहून ठेवली होती, त्यांच्या मुलाखती मे-जूनमध्ये उरकल्या होत्या आणि निवड झालेली मुलं ऑगस्टात रुजू व्हायच्या तयारीत होती. त्या मुलाखतींसाठी लागणारी परीक्षा आदल्या डिसेंबरात झाली होती, आणि तिचा अर्ज त्याच्याही आधी, शरद ऋतूत, मी घरी भातकापणीला गेले होते तेव्हा. माझ्या ओळखीत त्या वाटेने कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे सांगायलाही कुणी नव्हतं. माझं एक अख्खं वर्ष त्यात गेलं.

तुमचं जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही राजापूरचे असा, गुहागरचे, अलिबागचे की वेंगुर्ल्याचे. प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, बायोटेक, भौतिकशास्त्र किंवा मानसशास्त्र शिकत असा. मेंदूवर संशोधन करायचं मनात असेल तर पुढच्या पायऱ्या क्रमाने वाचा. यात भारतातल्या संस्थांवर भर आहे, परदेशाबद्दल मध्ये थोडंसं आहे.

१. पात्रता: तुमचा विषय चालतो का?

सर्वांत आधी मनातली भीती काढू. न्यूरोसायन्सला येण्यासाठी न्यूरोसायन्सचीच पदवी लागत नाही. हरियाणातल्या मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, म्हणजे एनबीआरसी, जीवशास्त्राबरोबर भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्र, मानसशास्त्र, एमबीबीएस आणि अभियांत्रिकीची मुलंही घेतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयएससीमध्ये, २००९ साली न्यूरोसायन्सचं स्वतंत्र केंद्र सुरू झालं, तिथेही अभियांत्रिकीतून आलेली बरीच मुलं भेटतात. मेंदूतल्या विजेच्या नोंदींचं गणित करायला माणसं लागतातच.

गुणांची अट मात्र पक्की असते. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या पीएचडी नियमांप्रमाणे पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमिलेअर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना ५ टक्के सवलत आहे. चार वर्षांची पदवी असेल तर ७५ टक्क्यांवर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. नव्या शैक्षणिक धोरणाखाली चौथ्या वर्षाला बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. एमफिल याच नियमांनी बंद झालं, त्यामुळे 'आधी एमफिल कर' असा सल्ला कुणी दिला तर तो जुना आहे असं समजा.

यावर संस्था आपापल्या अटी लावू शकतात. काही ठिकाणी दहावी-बारावीपासूनचे सगळे गुण पाहतात. म्हणून प्रत्येक संस्थेची त्या वर्षीची सूचना पूर्ण वाचा. मित्राने पाठवलेला स्क्रीनशॉट वाचून अर्ज भरू नका.

बीएससीच्या तिसऱ्या वर्षाला असाल तर तुमच्यासाठी आणखी एक दार आहे, इंटिग्रेटेड पीएचडी. त्यात एमएससी आणि पीएचडी एकाच ठिकाणी होते. त्यासाठी जॅम (एमएससी प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा) किंवा पुढे सांगितलेली जेजीईईबिल्स परीक्षा चालते. आपल्याकडे हे दार फारसं कुणाला माहीत नसतं आणि त्यामुळे चांगली मुलं दोन वर्षं उशिरा पोचतात.

२. कॅलेंडर भिंतीला लावा

हे आत्ताच वहीत उतरवा. तारखा दरवर्षी थोड्या हलतात, महिने साधारण असेच राहतात. परीक्षांची ओळख पुढच्या भागात आहे.

ऑगस्ट ते ऑक्टोबर: गेट आणि जॅमचे अर्ज.
ऑक्टोबर-नोव्हेंबर: जेजीईईबिल्सचा अर्ज. नोव्हेंबरअखेर विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपचा अर्ज.
डिसेंबर: जेजीईईबिल्स परीक्षा. सीएसआयआर नेटचं डिसेंबर सत्र, जे बऱ्याचदा पुढे सरकतं.
फेब्रुवारी: गेट, जॅम.
जानेवारी ते एप्रिल: प्रत्येक संस्थेचा स्वतंत्र अर्ज.
मे ते जुलै: मुलाखती. नेटचं जून सत्रही याच काळात.
ऑगस्ट: रुजू होणं.

थोडक्यात, ज्या ऑगस्टात आत पाऊल टाकायचं, त्याच्या आदल्या ऑगस्टात कामाला लागायचं. गणपतीला घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, आरत्या, भजनं, जाग्रणं चालू असतात, आणि नेमकं त्याच सुमारास गेटचा अर्ज चालू असतो. तो उघडताच भरून टाका.

एक सापळा इथेच सांगते. परीक्षेचा अर्ज आणि संस्थेचा अर्ज हे दोन वेगळे आहेत. जेजीईईबिल्स दिली म्हणजे सगळ्या संस्था आपोआप बोलावतील, असं मला वाटत होतं. तसं होत नाही. बहुतेक संस्थांच्या संकेतस्थळावर जाऊन त्यांचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि त्यात परीक्षेचा क्रमांक व गुण द्यावे लागतात.

३. कोणती परीक्षा द्यायची?

शक्य असेल तर दोन द्या, एकीवर वर्ष टांगू नका.

जेजीईईबिल्स. जीवशास्त्रातल्या पीएचडीसाठी ही संयुक्त परीक्षा आहे. मुंबईतल्या कुलाब्याचं टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), बंगळुरूचं एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) आणि इतर अनेक संस्था तिचे गुण धरतात. जीवशास्त्राबरोबर गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रश्नही असतात, आणि प्रश्न विचार करायला लावणारे असतात. आलेख दिलेला असतो, त्यावरून निष्कर्ष काढायचा असतो. पाठांतरावर मोठी झालेली मुलं इथे अडखळतात. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवणं हाच याचा अभ्यास.

सीएसआयआर नेट, लाइफ सायन्सेस. प्राध्यापकपद, फेलोशिप आणि पीएचडीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, एकूण २०० गुण. भाग अ मध्ये २० पैकी १५ प्रश्न सोडवायचे, भाग ब मध्ये ५० पैकी ३५, भाग क मध्ये ७५ पैकी २५. भाग क एकटा १०० गुणांचा आहे, म्हणजे निम्मी परीक्षा तिथेच आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. २०२४पासून नेटच्या निकालात तीन गट असतात: जेआरएफसह (ज्युनियर रिसर्च फेलोशिप), सहायक प्राध्यापक व पीएचडीसाठी पात्र, आणि फक्त पीएचडीसाठी पात्र. जेआरएफ मिळाली तर फेलोशिपचे पैसे तुमच्या नावाने येतात आणि बरीच दारं सोपी होतात. दुसऱ्या-तिसऱ्या गटातले गुण पीएचडी प्रवेशासाठी वर्षभरच चालतात, हे विसरू नका.

गेट. अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या पदवीधरांची राष्ट्रीय परीक्षा. लाइफ सायन्सेसच्या पेपरला रसायनशास्त्र सक्तीचं आहे आणि उरलेल्यांतून दोन विभाग निवडायचे असतात. बायोटेक्नॉलॉजीचा पेपर वेगळा. गुण तीन वर्षं चालतात, हा मोठा फायदा. आयआयटींकडे जायचं असेल तर ही हवीच.

याशिवाय डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) बेट आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) जेआरएफ परीक्षा आहे. बंगळुरूचं निम्हान्स, म्हणजे मानसिक आरोग्य आणि चेताविज्ञानाची राष्ट्रीय संस्था, स्वतःची प्रवेश परीक्षा घेतं. रुग्णांशी जोडलेलं संशोधन करायचं असेल तर त्यांच्या सूचनेवर लक्ष ठेवा.

परीक्षाकेंद्र निवडताना आपल्या भूगोलाचा विचार करा. तळकोकणातून कोल्हापूर जवळचं वाटतं, पण जून-जुलैत आंबा, अणुस्कुरा किंवा गगनबावडा घाटात दरड आली की तो रस्ता संपला. पावसाळ्यातल्या परीक्षेला आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचलेलं असावं. आणि अर्जाचा शेवटचा दिवस हा अर्ज भरायचा दिवस नव्हे. आमच्या गावात वारा सुटला की वीज जाते, विजेमागोमाग नेटवर्क जातं. माझ्या एका अर्जाची फी खात्यातून कापली गेली आणि पावती आलीच नाही, तेव्हा हातात चार दिवस शिल्लक होते म्हणून ते निस्तरता आलं.

४. प्रयोगशाळेचा अनुभव कुठून आणायचा?

लहान गावच्या कॉलेजातल्या मुलांचा अर्ज इथेच कमकुवत पडतो, आणि सुधारायलाही इथेच सर्वांत जास्त वाव आहे.

विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप दोन महिन्यांची असते. विद्यार्थी आणि शिक्षक दोघांनाही ती मिळते, म्हणजे तुमच्या मॅडमनाही सांगा. टीआयएफआर आणि बंगळुरूच्या जेएनसीएएसआर या संशोधन केंद्राचे उन्हाळी कार्यक्रम वेगळे आहेत. एमएससीचा प्रबंध बाहेरच्या प्रयोगशाळेत करता येत असेल तर जरूर करा. एमएससीनंतर एक वर्ष प्रकल्प सहायक म्हणून काम करणं हे मागे पडणं नाही. माझं गेलेलं वर्ष मी असंच भरून काढलं आणि माझी निवड त्या वर्षाच्या जोरावर झाली, याबद्दल मला शंका नाही.

तेही जमत नसेल तर? पायथन शिका. लॅपटॉप आणि रात्रीचं नेटवर्क एवढ्यावर ते होतं. मेंदूच्या नोंदींचा खुला डेटा इंटरनेटवर फुकट मिळतो. त्यातला एक संच घेऊन स्वतः आलेख काढा. २०२०पासून न्यूरोमॅच अकादमी नावाची ऑनलाइन उन्हाळी शाळा चालते, तिथे जगभरच्या मुलांबरोबर गटात काम करायला मिळतं. एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटींचे ऑनलाइन, अभ्यासक्रम आहेतच.

आणि आपल्या किनाऱ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. चेतापेशीतून विजेचा संदेश कसा धावतो, हे हॉजकिन आणि हक्सले यांनी १९५२ साली मांडलं ते माकुलाच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून. तो तंतू इतका जाड असतो की त्याच्या आत तार घालून वीज मोजता आली. १९६३ साली त्यांना नोबेल मिळालं. मिरकरवाड्याच्या जेटीवर ज्यांनी टोपल्यांतली माकुलं पाहिली आहेत, घरी साफ केली आहेत, त्यांनी हा प्राणी पुस्तकातल्या चित्रात पहिल्यांदा पाहिलेला नसतो. एवढी ओळखही प्रश्न विचारायला पुरते.

५. प्रयोगशाळा निवडा, संस्थेच्या नावामागे लागू नका

'न्यूरोसायन्स' हा शब्द फार मोठा आहे. एक प्रयोगशाळा फळमाशीच्या वासाच्या जाणिवेवर काम करते, दुसरी उंदराच्या स्मृतीवर, तिसरी माणसाच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून लक्ष कसं विचलित होतं ते पाहते, चौथीत एकही प्राणी नाही, नुसती समीकरणं. भारतात फळमाशीच्या कामाची मोठी परंपरा आहे. ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ साली टीआयएफआरमध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा गट उभा केला, पुढे माशीच्या चव आणि वासाच्या जाणिवेवर काम केलं आणि त्यातूनच बंगळुरूचं एनसीबीएस उभं राहिलं. पुण्याच्या आयसरमध्येही मेंदूवर काम करणारे गट आहेत. कोकणातल्या माणसाला तेही जवळचं.

पाच-सहा प्रयोगशाळा निवडा. प्रत्येकीचे अलीकडचे दोन शोधनिबंध वाचा. पहिल्या वाचनात काही कळणार नाही, ते ठीक आहे. आकृत्या आणि त्यांच्याखालचा मजकूर आधी वाचा, मग बाकीचं. कोणत्या आकृतीवर आपण थांबतो, 'असं का?' असं कुठे मनात येतं, ते लिहून ठेवा. प्रमुखांना ईमेल लिहिताना तोच प्रश्न विचारा. चार-पाच ओळींत मी कोण, तुमचं कोणतं काम वाचलं, त्यात काय अडलं, तुमच्याकडे जागा आहे का, एवढं पुरे. पन्नास जणांना एकच मजकूर पाठवला तर तो कळतो आणि उत्तर येत नाही.

एक गोष्ट घरी आणि स्वतःशी आधीच बोलून घ्या. प्राण्यांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत उंदीर मारावे लागतात. त्याला कडक नियम आहेत, नैतिक समितीची परवानगी लागते, प्राण्याला वेदना होऊ नयेत याची काळजी घेतली जाते, तरीही मारावे लागतात. ज्यांना ते झेपणार नाही त्यांनी माणसांवरच्या किंवा संगणकी संशोधनाकडे जावं. त्यात काही कमीपणा नाही. प्रवेश घेतल्यावर दुसऱ्या वर्षी हे उमगणं मात्र फार त्रासाचं होतं.

६. उद्देशपत्र (स्टेटमेंट ऑफ पर्पज) लिहिणं

'लहानपणापासून मला मेंदूबद्दल कुतूहल होतं' हे वाक्य लिहू नका. निवड समितीने ते शेकडो वेळा वाचलेलं असतं.

माझ्या पहिल्या मसुद्यात तेच होतं. नंतर मी काकूला विंचू चावला होता ती रात्र लिहिली. लाल विंचू, लाकडाच्या माच्याखालचा. काकू घामाने निथळत होती, हातपाय गार पडले होते, छाती धडधडत होती. कॉलेजात पुढे शिकले की या विंचवाचं विष चेतापेशींवरच्या सोडियमच्या वाहिन्या, म्हणजे सोडियम आत सोडणारी दारं, वेळेवर मिटू देत नाही, त्यामुळे स्वायत्त चेतासंस्था वादळासारखी उसळते आणि हृदय-फुप्फुसांवर ताण येतो. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध या रुग्णांना देऊन त्यांचे प्राण वाचवले आणि ते काम लॅन्सेटसारख्या नियतकालिकात छापून आलं. मग मला कळलं की याच जातीच्या विंचवाच्या विषातून वेगळं केलेलं आयबेरिओटॉक्सिन जगभरच्या प्रयोगशाळा पोटॅशियमच्या एका प्रकारच्या वाहिन्या बंद करायला वापरतात. उद्देशपत्रात मी एवढं लिहिलं आणि त्याखाली माझा प्रश्न: एका वाहिनीचं दार मिटायला थोडा वेळ जास्त लागला, तर अख्ख्या शरीराची लय का बिघडावी?

तुमच्याकडे विंचू नसेल, दुसरं काही असेल. आजोबांचा कंपवात, भावाची फिट, रात्रीच्या मासेमारीला जाणाऱ्या वडिलांची बिघडलेली झोप. त्या गोष्टीला दोन-तीन वाक्यं पुरतात. सहानुभूती मागायला ती लिहू नका. ती तुम्हाला कोणत्या प्रश्नाकडे घेऊन गेली ते लिहा. त्यापुढे काय शिकलात, कोणतं तंत्र हाताने केलं, काय फसलं आणि त्यातून काय कळलं, आणि याच संस्थेत का, एवढं आलं पाहिजे. फसलेला प्रयोग लपवू नका. एक-दीड पान पुरे.

७. शिफारसपत्रं

बहुतेक अर्जांना दोन किंवा तीन लागतात. प्राचार्यांचं पत्र वजनदार वाटतं, पण ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलं आहे त्यांचंच पत्र उपयोगी पडतं. 'विद्यार्थिनी शिस्तप्रिय व नम्र आहे' यातून समितीला काही कळत नाही. तुम्ही केलेल्या कामांची एक पानाची टिपणं करून सरांना किंवा मॅडमना द्या, त्यावरून त्यांना नेमकं लिहिता येतं.

बरेचदा संस्था थेट शिक्षकांना ईमेल पाठवते आणि त्या दुव्यावर पत्र चढवायचं असतं. आपल्याकडच्या अनेक शिक्षकांकडे कॉलेजचा अधिकृत ईमेल नसतो आणि काही अर्ज खाजगी ईमेल स्वीकारत नाहीत. महिनाभर आधी विचारा. ईमेल स्पॅममध्ये गेलं का ते सरांच्या शेजारी बसून बघा. आठवण करायला संकोचू नका. माझं एक पत्र अंतिम तारखेच्या आदल्या रात्री चढलं, तेही मी सरांच्या घरी जाऊन बसले म्हणून.

८. कागदपत्रं

ही फाईल सप्टेंबरातच बनवायला घ्या. मूळ प्रती, प्रत्येकी तीन झेरॉक्स आणि स्कॅन.

– दहावी, बारावीची गुणपत्रिका व प्रमाणपत्र
– पदवी व पदव्युत्तर पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका
– पदवी प्रमाणपत्र, नसेल तर प्रोव्हिजनल
– विद्यापीठाचं ट्रान्सस्क्रिप्ट आणि श्रेणीचं टक्क्यांत रूपांतर दाखवणारं पत्र किंवा सूत्र
– कॉलेज सोडल्याचा दाखला आणि मायग्रेशन प्रमाणपत्र
– नेट, गेट, जेजीईईबिल्सची गुणपत्रं
– आधार, पासपोर्ट आकाराचे फोटो, पांढऱ्या कागदावर केलेली सही
– जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र, लागू असेल तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र
– अधिवास दाखला (राज्याच्या फेलोशिपसाठी)
– नोकरीत असाल तर ना हरकत प्रमाणपत्र

आता यातले सापळे.

पहिला, केंद्राचा आणि राज्याचा दाखला वेगळा. राज्याच्या प्रवेशासाठी काढलेलं नॉन-क्रीमिलेअर केंद्रीय संस्थेत चालत नाही. केंद्र सरकारच्या नमुन्यातलं हवं, आणि तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असायला हवी. भटक्या-विमुक्त जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला केंद्रात वेगळा गट नाही. त्यांतल्या ज्या जाती केंद्राच्या यादीत आहेत त्या ओबीसीत धरल्या जातात. राज्याचं एसईबीसी आरक्षणही केंद्रीय संस्थांत नाही. सेतू केंद्रात अर्ज देताना 'केंद्राच्या नमुन्यात हवं' हे शब्द स्पष्ट सांगा आणि हातात आल्यावर नमुना ताडून बघा. मला पहिल्यांदा राज्याचंच मिळालं होतं, पुन्हा तहसीलला खेटे घालावे लागले. ईडब्ल्यूएसचा दाखला आर्थिक वर्षाला बांधलेला असतो, त्यामुळे मागच्या वर्षीचा पुढे करू नका.

दुसरा, नाव. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, शेवटी आईचं. आधारवर क्रम वेगळा, स्पेलिंग आणखी वेगळं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत लागते. सगळ्या अर्जांत दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव जसंच्या तसं लिहा आणि आधार त्याच्याशी जुळवून घ्या.

तिसरा, ट्रान्सस्क्रिप्ट. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजातून शिकलेल्यांनी ते आणि मायग्रेशन लवकर मागवावं. कलिन्याला विद्यापीठात एका फेरीत काम होईलच असं धरून चालू नका. मुंबईत नातेवाईक असतील तर अधिकारपत्र देऊन त्यांच्याकडे काम सोपवता येतं का ते आधी विचारून घ्या.

९. मुलाखत

यावर मी जरा सविस्तर लिहिते, कारण लेखी परीक्षा पार करून आलेली आपली मुलं इथे गप्प होतात.

मुलाखत बहुधा दोन टप्प्यांत होते. पहिल्यात मूलभूत ज्ञान तपासतात, दुसऱ्यात तुमचं काम आणि आवड. समोर चार-पाच जण असतात, फळा किंवा कागद असतो. 'तुम्हाला आवडणारा विषय सांगा' म्हणतात आणि तिथून खाली खाली खणत जातात. उत्तर येईनासं होईपर्यंत खणतात, तशीच ती पद्धत आहे. 'माहीत नाही' या जागी पोचलात म्हणजे नापास झालात असं नाही. तिथून पुढे तुम्ही काय करता, ते त्यांना बघायचं असतं.

मला पेशीच्या आतल्या-बाहेरच्या विजेबद्दल विचारलं. मी पाठ केलेलं सांगितलं: विश्रांतीत आत उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास. मग एका मॅडमनी विचारलं, बाहेरचं पोटॅशियम दुप्पट केलं तर? मी घाईत म्हटलं, आत आणखी उणे होईल. खोली शांत झाली. मॅडम म्हणाल्या, 'घाई नाही, फळ्यावर करून बघ.' आत-बाहेरच्या प्रमाणावरून वीज काढायचं नर्न्स्टचं समीकरण मांडलं. आत १४० मिलिमोलर, बाहेर ५ असेल तर शरीराच्या तापमानाला पोटॅशियमचा समतोल उणे ८९ मिलिव्होल्टच्या आसपास येतो. बाहेर १० केलं की तो उणे ७०च्या आसपास येतो. म्हणजे बाहेर पडायची ओढ कमी झाली, पेशी आतून कमी उणे झाली, माझं उत्तर उलटं होतं. मी मोठ्याने म्हटलं, 'मी आधी चुकीचं सांगितलं, आता हे असं दिसतंय.' पुढचा प्रश्न आला, मग अशी पेशी जास्त सहज पेटेल, म्हणजे संदेश सोडेल का? तिथून सोडियमच्या वाहिन्यांवर गेलो, आणि तिथून विंचवावर. माझी निवड त्या चुकलेल्या उत्तरासह झाली.

म्हणून तयारीत पाठांतर कमी आणि फळा जास्त ठेवा. संदेशाचा आलेख, संदेश एका पेशीकडून दुसरीकडे जाण्याची साखळी, एखाद्या प्रयोगाचा कंट्रोल (तुलनेचा गट) काय असावा, हे सगळं उभं राहून, बोलत बोलत काढायचा सराव करा. पडवीत धाकट्या भावंडाला बसवून समजवा. त्याला कळलं तर तुम्हाला कळलं आहे. एमएससीच्या प्रबंधातला प्रत्येक आलेख, प्रत्येक अक्ष, प्रत्येक चाचणी का निवडली हे आलं पाहिजे. स्वतःच्याच प्रबंधावर अडलेलं समितीला खपत नाही.

इंग्रजीची भीती बाळगू नका. हळू बोला, छोटी वाक्यं करा, प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा. उच्चारावरून कुणी गुण कापत नाही.

प्रवासाचंही लिहून ठेवते. मानेसरला जायला रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेसने निजामुद्दीन गाठता येतं, पुढे गुरुग्राममार्गे मानेसर. बंगळुरूला कोल्हापूर किंवा मडगाव करून जाता येतं. मुलाखती जूनच्या उत्तरार्धात असतील तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू झालेलं असतं, गाड्या हळू धावतात आणि वेळा बदलतात. तिकीट काढताना तेच वेळापत्रक बघा आणि मध्ये एक दिवस मोकळा ठेवा. काही संस्था रेल्वेभाडं परत देतात. तिकिटं फेकू नका.

१०. परदेशात जायचं असेल तर

अमेरिकेतल्या बऱ्याच न्यूरोसायन्स कार्यक्रमांना बीएससीनंतरही अर्ज करता येतो, अंतिम तारखा बहुधा डिसेंबरात असतात आणि तीन शिफारसपत्रं लागतात. जीआरई ही प्रवेशपरीक्षा अनेकांनी सोडून दिली आहे, इंग्रजीची परीक्षा मात्र लागते. अर्जाची फी भरमसाट असते. फीमाफी मागता येते का ते विचारा. जर्मनीत गॉटिंगेनला मॅक्स प्लांकशी जोडलेला एमएससी-पीएचडी कार्यक्रम इंग्रजीत चालतो. पैसे घेऊन प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटांकडे जाऊ नका. संशोधनाच्या पीएचडीत चांगली जागा म्हणजे तुम्हाला पगार देणारी जागा.

११. पैसे आणि रुजू होणं

केंद्रीय संस्थांत जेआरएफची रक्कम पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये आहे. वसतिगृह नसेल तर घरभाडं वेगळं मिळतं. विद्यापीठातून पीएचडी करणाऱ्यांसाठी राज्याच्या फेलोशिप आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी गटासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. विद्यापीठात एमएससीला पहिले आलात तर इन्स्पायर फेलोशिपही बघा.

घरचे विचारतील, पाच-सहा वर्षं काय करणार, मेंदूची ऑपरेशनं करणार का? माझी आई अजून शेजारणींना तसंच सांगते. त्यांना नीट बसून सांगा: किमान तीन वर्षं, नियमाने जास्तीत जास्त सहा, महिलांना आणि दिव्यांगांना आणखी दोन वर्षांची मुभा, आणि या काळात महिन्याला ठरलेली रक्कम घरी दिसेल. आमच्या घरात सगळ्या शंका या शेवटच्या वाक्याने मिटल्या.

रुजू व्हायला जाताना मूळ कागदांची फाईल हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नको; ऑगस्टातल्या पावसात एसटीच्या टपावर ठेवलेली बॅग आतपर्यंत भिजते. मायग्रेशन आलं नसेल तर ते कधीपर्यंत देणार याचं हमीपत्र लिहून न्या. आणि पहिली फेलोशिप हातात पडायला दोन-तीन महिने लागू शकतात. मेसचे, खोलीचे आणि परतीच्या तिकिटाचे तेवढे पैसे घरून निघतानाच जवळ असू द्या.